चाकणच्या साडेएकोणीस हजारांतले हातात किती उरतील?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लूमवर काम करणाऱ्या वाचकांनी विचारलंय: आठवड्याला ३,००० पगार पडतो, पीएफ-ईएसआय (कामगार विमा) काही नाही. मिसेस विड्या वळतात, त्यांचे महिन्याला ४,२०० येतात. घरात दोन मुलं आणि आई. बचत गटाच्या नावाखाली मायक्रोफायनान्सची दोन कर्जं (हप्ते २,२०० आणि १,६५०), मोबाईलचा हप्ता १,३००, भिशी १,०००. महिना भागत नाही. मेहुणे पुण्याजवळ चाकणला आहेत, ते म्हणतात ये, ओव्हरटाइम धरून साडेएकोणीस हजार हातात पडतील. डिपॉझिट, सामान आणि सेकंडहँड गाडीसाठी ६०,००० कर्ज काढून सगळ्यांनी जावं का?

दादा, सहकुटुंब जाऊ नका. कर्ज काढून तर अजिबातच नको. एकट्याने जायचं का, हा मात्र विचार करण्यासारखा प्रश्न आहे, पण आत्ता लगेच नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, माझ्या मते सगळं तिथेच आहे. कुंभारीच्या विडी घरकुलात आईच्या नावावर घर आहे. म्हणजे तुम्हाला भाडं नाही. चाकणच्या बाजूला एक खोली-किचन साडेसहा-सात हजारांच्या खाली मिळणं अवघड. वर मिसेसचे ४,२०० बंद, कारण तिथे पानं-तंबाखू देणारा कारखाना कुठला? वर्षाचे बावन्न पगार धरले तर आज तुमचे महिन्याला सरासरी १३,००० पडतात. म्हणजे साडेसहा हजार जास्त मिळवायला जाणार आणि भाडं व बुडालेली मजुरी मिळून अकरा हजारांच्या आसपास घालवणार. नव्या कर्जाचा हप्ता अजून यात धरलेलाच नाही. ६०,००० चोवीस टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३,१७० येतो, परतफेड ७६,०००च्या वर जाते. मग सगळे हप्ते मिळून ८,३००च्या पुढे, म्हणजे आजच्या १७,२००च्या कमाईतले ४८ टक्के. मायक्रोफायनान्सचं कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतात असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे देणारा कदाचित देईलही. नियमात बसलं म्हणजे झेपलं, असं समजू नका.

मिसेसची पीएफमध्ये नऊ वर्षं झाली आहेत, असंही तुम्ही लिहिलंय. दहा वर्षं भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शनचा हक्क लागतो. सध्याचं किमान पेन्शन महिना १,००० आहे, रक्कम लहान वाटेल, पण नऊ वर्षं छाट (खराब म्हणून बाद केलेल्या विड्या) सोसून, रोज कारखान्यात माल देऊन कमावलेला हक्क एका वर्षासाठी सोडायचा? त्यांचं पासबुक यूएएनवर (पीएफच्या कायम नंबरवर) उघडून बघा, नावात आणि जन्मतारखेत चूक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. विडी कामगारांच्या पासबुकात असल्या चुका मी बऱ्याच पाहिल्यात.

आता एकट्याने गेलात तर. खोलीतला वाटा २,०००, मेस ३,५००, चहा-नाश्ता-रिचार्ज १,०००, महिन्यातून दोनदा सोलापूरला येणं-जाणं १,०००. झाले ७,५००. तुमचं इथलं जेवण आणि पेट्रोल मिळून दोनेक हजार वाचतील. साडेसहा हजार जादा कमाईतून शेवटी हातात उरतात हजार रुपये. मिसेसला लाडकी बहीणचे १,५०० येतात ना? त्याला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. आज तुमचं उत्पन्न दोन लाखांच्या थोडं वर आहे, चाकणच्या आकड्याने ते २,८४,००० होतं. नियमाने ते पैसे जातात, आणि मग पाचशेचा तोटाच. पुण्याला जाणारी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस सोलापूरच्या पोरांनी भरलेली असते. त्यातल्या किती जणांनी हा हिशोब मांडला असेल, देव जाणे.

तरीही मी सरळ नाही म्हणत नाही, कारण तुमच्या आजच्या कामात पीएफ-ईएसआय नाही आणि तिथे दोन्ही मिळायला हवं. पीएफचा पगार १५,००० धरला तर तुमचे १,८०० कापले जातात, कंपनीचे तेवढेच पडतात, त्यातले १,२५० पेन्शनकडे आणि ५५० पीएफमध्ये. ईएसआयमध्ये आईची बीपी-शुगरची औषधं बसू शकतात, आणि कुटुंब सोलापुरात राहतं अशी नोंद केली तर उपचार इथेच होतात. या गोष्टींना किंमत आहे. पण त्या साडेएकोणीस हजारांत चार हजार ओव्हरटाइमचे आहेत. ऑर्डर कमी झाली की ओव्हरटाइम बंद, आणि ठेकेदाराकडे सहा-सात महिन्यांनी ब्रेक देण्याची पद्धत तर तुम्हाला मेहुणेच सांगतील.

आधी इथलं गळणं बंद करा. १,६५०च्या कर्जाचे नऊ हप्ते राहिलेत. भरायचे तर १४,८५०, पण आज एकदम फेडलं तर मुद्दल साधारण साडेतेरा हजारच निघेल. मायक्रोफायनान्सच्या कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही, कोणी मागितला तर लेखी मागा. भिशीचे १२,००० तुम्ही अजून उचललेले नाहीत. चिठ्ठी लागली की ते पैसे घरात आणूच नका, दिवाळीच्या बोनसमधले वरचे दीड हजार घालून तेच कर्ज बंद करा आणि बंद झाल्याचं पत्र घ्या. मुलांचे कपडे आणि गड्ड्याच्या जत्रेचा खर्च बोनसच्या उरलेल्या पैशांत बसवा. मोबाईलचे उरलेले चार हप्ते संपतील, तेव्हा महिन्याला २,९५० मोकळे. चाकणला एकट्याने जाऊन मिळणाऱ्या हजाराच्या जवळपास तिप्पट, आणि पोरांजवळ राहून.

तुमच्या ओढाताणीचं एक कारण आठवड्याच्या पगारातही आहे. हप्ते महिन्याचे, पगार आठवड्याचा. बहुतेक महिन्यांत चार पगार पडतात, म्हणजे १२,०००. वर्षातून चार वेळा पाच पडतात, आणि तो पाचवा पगार कुठे जातो ते कोणालाच आठवत नाही, बहुधा किराणा दुकानाच्या वहीत जातो. दर पगाराला हप्त्यांचे १,३०० आधी बाजूला काढा, मिसेसच्या खात्यात टाका. पाचव्या पगारातले निदान दीड हजार वेगळ्या बँक खात्यात. दर पावसाळ्यात मंदीत दोन-तीन आठवडे काम नसतं म्हणता, तेव्हा याच पैशांवर चालेल आणि तिसरा गट शोधावा लागणार नाही. त्याच खात्यातून वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा (अपघाताचा) आणि ४३६चा जीवन ज्योती (आयुर्विमा), दोन्ही चालू करा. लूमवर उभं राहणाऱ्याला हे हवंच.

चाकणचं बोलायचं तर मेहुण्यांकडून चार गोष्टी विचारून घ्या: ओव्हरटाइम सोडून हातात किती, पगाराची स्लिप मिळते का, पीएफ-ईएसआय नंबर पहिल्याच महिन्यात पडतो का, आणि कंपनीत जेवण मिळतं का. जेवण मिळत असेल तर मेसचे साडेतीन हजार वाचतात आणि माझा वरचा हिशोब बदलतो. अशा वेळी गटाचं कर्ज फिटल्यावर तीन महिने एकट्याने जाऊन बघा. इथल्या मालकाला आधी सांगून जा, म्हणजे परत यायची वेळ आली तर लूम मिळेल.