आईचं घर हमरस्त्यावर आहे, तिला डिमेन्शिया होईल का?

हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. कुणी बातमी वाचलेली असते, कुणाला फॉरवर्ड आलेला असतो: गजबजलेल्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका जास्त. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच एकटी राहणारी आई नाहीतर वडील उभे राहतात. माझ्याकडे आलेल्या एका लेकीने तर बसल्याबसल्याच विचारलं, "मॅडम, आई एकाहत्तरची आहे. घर अगदी हमरस्त्याला लागून. हल्ली लोकांची नावं विसरते. तिला माझ्याकडे आणून ठेवू का?" (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

लेकीचं घर वस्तीच्या टोकाला. भोवती झाडी, मोकळी हवा, शांतता. भाऊ लांब राहणारा, आणि आईला हलवू नये या मताचा. दोघांत यावरून फोनवर बरंच वाजलं होतं. आईला काय वाटतं हे दोघांनीही विचारलं नव्हतं. बहुतेक घरांत असंच होतं म्हणा.

आधी त्या बातमीचं बघू. ती खोटी नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातला मोठा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ५५ ते ८५ वयाच्या सुमारे २२ लाख लोकांच्या नोंदी २००१ ते २०१२ या काळात तपासल्या होत्या. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत डिमेन्शियाचं प्रमाण, ३०० मीटरपेक्षा लांब राहणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ७ टक्क्यांनी जास्त दिसलं. ५० ते १०० मीटरमध्ये ४ टक्के, त्यापुढे २०० मीटरपर्यंत २ टक्के. पुढे २०२१ मध्ये डेन्मार्कमधल्या साठीपुढच्या सुमारे २० लाख लोकांच्या अभ्यासात रस्त्याच्या आणि रेल्वेच्या आवाजाचाही डिमेन्शियाशी, विशेषतः अल्झायमर या त्याच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराशी, संबंध आढळला. संशय मुख्यतः दोघांवर आहे: फुप्फुसातून रक्तात उतरणारे धुरातले बारीक कण, आणि झोप मोडणारा, रक्तदाब चढवणारा आवाज.

पण ७ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या सात जणांना जास्तीचा आजार, असं नव्हे. समजा, एखाद्या गटात हजारातल्या शंभर जणांना पुढे डिमेन्शिया होणार असेल, तर रस्त्यालगतच्या तशाच गटात तो एकशे सात जणांना होईल. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला, तेव्हा लेकीचे खांदे जरा सैल झाले. रस्त्यालगत राहणारे लोक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. संशोधक तो फरक वजा करायचा प्रयत्न करतात, पण असे अभ्यास संबंध दाखवतात. त्यावरून 'या घरामुळे या बाईला आजार होणार' असं कुणालाच म्हणता येत नाही.

पुढच्या भेटीला आईला घेऊन यायला सांगितलं.

वृद्धांशी बोलताना मी एक साधी गोष्ट करते. कोरा कागद आणि पेन देते आणि म्हणते, घराच्या आसपासचा नकाशा काढा, जसा आठवेल तसा. चित्र चांगलं यायला हवं असं काही नाही. "मावशी, तुम्ही रोज जिथे जाता ते दाखवा," म्हटलं. त्यांनी आधी घराचा चौकोन काढला. मग डावीकडची गल्ली, तिच्यातली कठड्याची भिंत ("इथे मी दम खाते"), पुढे मैत्रिणीचं घर, त्याच्या पुढे दवाखाना. प्रत्येक ठिकाणी कोण भेटतं हेही सांगत होत्या. उजवीकडे हमरस्त्याची जाड रेघ ओढली आणि पेन तिथेच थांबलं. रेघेच्या पलीकडे काहीच नाही.

"पलीकडे काय आहे?"

"वाचनालय. आता नाही जात."

लेक चमकली. "आई, तू तर रोज जायचीस ना?"

"सिग्नल संपतो गं मध्येच. दोनदा गाड्यांच्या मध्ये अडकले. मग सोडलंच."

हे लेकीला माहीत नव्हतं. रस्त्यामुळे आईच्या फुप्फुसात काय जातंय याचीच काळजी ती करत होती. त्याच रस्त्याने आईचा अर्धा दिवस कापून टाकला होता, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. हा काही एकट्या मावशींचा अनुभव नाही. पादचारी सिग्नलचा वेळ ठरवताना बऱ्याच ठिकाणी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. इंग्लंडमध्ये पासष्टीपुढच्यांचा चालण्याचा वेग मोजला, तेव्हा सरासरी पुरुषांत ०.९ आणि स्त्रियांत ०.८ मीटरच्या आसपास भरली. म्हणजे १८ मीटर रुंद रस्त्याला सिग्नल देतो १५ सेकंद आणि बाईला लागतात २२ च्या वर. मग ती बाई जाणंच बंद करते आणि घरचे म्हणतात, "हल्ली आईला कशात रस राहिला नाही."

इथे मी लेकीला लॅन्सेट आयोगाच्या, म्हणजे त्याच नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाच्या, २०२४ च्या अहवालातले आकडे सांगितले. डिमेन्शियाशी निगडित, बदलता येण्याजोगे १४ धोके त्यांनी मोजले आहेत. ते सगळे नाहीसे करता आले, तर जगातल्या सुमारे ४५ टक्के केसेस टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात हवेच्या प्रदूषणाचा वाटा ३ टक्के, एकटेपणाचा ५ आणि ऐकू कमी येण्याचा ७. हे अख्ख्या लोकसंख्येचे आकडे आहेत, एका माणसाचं भविष्य त्यातून काढायचं नाही. तरी कशाच्या मागे आधी लागायचं, एवढा अंदाज त्यातून नक्की येतो. लेकीच्या घरी हवा चांगली होती, पण फूटपाथ नव्हता, चालत जाण्यासारखं काही नव्हतं, आणि सकाळी सगळे कामाला गेले की संध्याकाळपर्यंत घरात मावशी एकट्या राहणार होत्या. झाडी खिडकीतून दिसली असती, एवढंच.

ऐकू कमी येण्याचा हा सातचा आकडा कळल्यावर लेक आईकडे बघत राहिली. टीव्हीचा आवाज इतका मोठा असतो की शेजारी बोलतात, हे तिनेच आधी सांगितलं होतं. रस्त्याच्या आवाजामुळे आपल्याला ऐकू येत नाही, अशी मावशींची समजूत. खिडक्या लावल्या तरी येत नव्हतं, तेव्हा कानांची तपासणी करायला पाठवलं. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. नावं विसरण्याचा थोडा उलगडाही इथे झाला. जे नाव नीट ऐकूच आलं नाही, ते लक्षात कसं राहणार? अर्थात तेवढ्यावर सोडून दिलं नाही. रक्तदाब, साखर, थायरॉइड, बी १२ आणि स्मरणशक्तीची चाचणी हे सगळं डॉक्टरांकडून करून घेतलं. चाचणीत वयाला धरून ठीक निघालं. वर्षाने पुन्हा करायची आहे.

मग ठरलं ते फार भव्य नव्हतं. श्रवणयंत्र घेतलं आणि त्याची सवय होईपर्यंत लेक रोज फोन करायची. झोपायची खोली रस्त्याच्या बाजूची होती, ती मागे नेली. गर्दीच्या वेळी पुढच्या खिडक्या बंद ठेवायच्या, रहदारी ओसरली की उघडायच्या. फिरायला हमरस्त्याच्या कडेने न जाता आतल्या गल्लीने जायचं, कारण रस्त्यापासून थोडं लांब गेलं तरी वाहनांचा धूर बराच कमी होतो. वाचनालयासाठी पुढच्या चौकातला दुभाजक असलेला सिग्नल शोधला. तिथे मध्ये थांबता येतं, दोन टप्प्यांत रस्ता ओलांडता येतो. लांब पडतो, पण मावशींना चालला. भावाने नगरपालिकेकडे घराजवळच्या सिग्नलचा वेळ वाढवण्याचा अर्ज दिला. त्याचं अजून काही झालेलं नाही.

मी घर बदलण्याच्या विरोधात आहे, असं यावरून कुणी समजू नये. काही वस्त्या खरंच सोडाव्यात अशा असतात. खालीच कारखान्याचा धूर, संध्याकाळी बाहेर पडायची भीती, जिने चढता येत नाहीत, आणि ओळखीचं कुणी उरलेलं नाही. तिथे मुलांनी अपराधी वाटून न घेता हलवावं. फक्त वेळ महत्त्वाची. अल्झायमरमध्ये दिशा आणि वाटा लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग बऱ्याचदा सुरुवातीलाच बाधित होतो. जुन्या वाटा पायांना पाठ असतात, त्या बरेच दिवस टिकतात. नवीन वाट शिकणं तेव्हा फार जड जातं. म्हणून 'अजून जमतंय तोवर राहू दे, अगदीच जमेना झालं की आणू' हा घरोघरी चालणारा विचार मला उलटा वाटतो. हलवायचंच असेल तर माणूस नवी गल्ली, नवं दार, नवे चेहरे शिकू शकतो तेव्हाच हलवा, आणि घर निवडताना त्याला सोबत घेऊन त्या भागात चालून बघा. बसायला बाक आहे का, रस्ता ओलांडता येतो का, दिवसभरात कुणाशी चार शब्द बोलणं होईल का, हे चालल्याशिवाय कळत नाही.

आणि एक. रोजच्या, वर्षानुवर्षांच्या वाटेवर कुणी चुकायला लागलं, घराजवळ येऊन गोंधळायला लागलं, तर वस्तीचा विचार बाजूला ठेवून आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या.