घाट उतरताना ब्रेकचे पेडल खाली का जाते?

प्रश्न : मामांकडून आलेली 1967 सालची एमजीबी ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत, सर्वो (पायाच्या जोराला मदत करणारे उपकरण) नाही, आणि चारही चाकांसाठी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर) व ब्रेकची लाइन एकच आहे. गेल्या एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरहून परतताना कन्नडचा घाट निम्मा उतरल्यावर पेडल खाली जाऊ लागले आणि दोन-तीन वेळा दाबल्यावरच पकड येऊ लागली. पायथ्याशी पाऊण तास थांबल्यावर सारे पूर्ववत झाले. गॅरेजमध्ये मला चारही चाकांना भोके पाडलेल्या मोठ्या डिस्क आणि पुढे चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारे चिमटे) बसवण्यास सुचवले आहे. हा खर्च करावा का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : एवढ्यात करू नये. आपण पत्रात लिहिलेल्या लक्षणांवरूनच दोष बराचसा कळतो आणि तो डिस्कच्या आकारात नाही. उतारावर ब्रेक दोन वेगळ्या प्रकारांनी साथ सोडतात. पेडल पायाला घट्ट लागते पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड (डिस्कवर घासणारे) किंवा लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडलच मऊ पडून खाली जाते, पुन:पुन्हा दाबल्यावर वर येते आणि गाडी गार झाल्यावर जणू काही घडलेच नव्हते असे वागते, तेव्हा बहुतेक वेळा कॅलिपरमधले ब्रेक ऑइल उकळलेले असते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी ती वाफ दाबण्यातच खर्च होतो. मागच्या ड्रमचाही यात थोडा वाटा असतो, कारण ड्रम तापला की त्याचा व्यास वाढतो आणि शूला, म्हणजे लायनर बसवलेल्या पट्टीला, अधिक अंतर सरकावे लागते.

ऑइल का उकळते, हे आपल्याकडच्या हवामानात नीट समजून घेण्यासारखे आहे. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ही ब्रेक ऑइलची प्रत सांगणारी खूण आहे; डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. त्यात पाणी मुरल्यावर हीच मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. आता घाटाचा हिशेब पाहा. माणसांसह सुमारे हजार किलोची गाडी तीनशे मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे 29 लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. तीच गाडी ताशी 80 किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबवताना जेमतेम अडीच लाख जूल खर्च होतात. म्हणजे इंजिनाची आणि वाऱ्याची मदत न घेता, केवळ ब्रेकवर असा घाट उतरणे हे 80 च्या वेगावरून लागोपाठ बारा वेळा गाडी थांबवण्यासारखे आहे, आणि मधे गार होण्यास उसंत नाही. एप्रिलच्या दुपारी आपल्या भागातली हवा चाळीस अंशांच्या पुढे असते, तेव्हा ही उष्णता बाहेर टाकणेही संथ होते.

म्हणून पहिले काम ऑइल बदलण्याचे. ते करताना मिस्त्रींच्या शेजारी उभे राहा. ब्लीडिंगच्या (जुने ऑइल व हवा बाहेर काढण्याच्या) निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक काचेच्या बाटलीत सोडले की बाहेर येणारा रंग दिसतो. ताजे ऑइल फिकट पिवळसर असते. तुमच्या गाडीतून काळ्या चहासारखे काही आले आणि बाटलीच्या तळाशी गाळ बसला, तर सिलिंडर आतून झिजले किंवा गंजले आहेत असे समजावे. अशा वेळी केवळ ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर आणि कॅलिपर उघडून रबरी किट नवे घालावे, आणि आत खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदलावा. रबरी होज पाइप बाहेरून कितीही चांगले दिसोत, ते नवेच घ्यावेत. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या गाडीचे पुढचे डावे चाक पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहत असे. कॅलिपर दोनदा उघडूनही कारण मिळेना. अखेर होज उभा चिरून पाहिला, तेव्हा आतला थर सुजून भोक सुईएवढे उरले होते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जात होते, पण परत येत नव्हते. असे चाक सपाट रस्त्यावरही तापत राहते, मग घाटात त्याचे काय होत असेल!

हे सारे झाल्यावर खर्च करायचाच असेल, तर माझ्या मते तो दुहेरी सर्किटवर करावा. आज आपल्या गाडीत कुठेही एक पाइप फुटला किंवा एक वॉशर फाटला, तरी चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हातब्रेकशिवाय काही उरत नाही. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवून पुढची आणि मागची लाइन वेगळी केली, तर एक गेली तरी दुसरी राहते. हा बदल गाडी पाहणाऱ्याच्या नजरेत भरत नाही, म्हणूनच बहुधा कोणी सुचवत नाही. तरीही घाटाखाली राहणाऱ्या माणसाने सर्वांत आधी करावा असा हाच बदल आहे.

मोठ्या कॅलिपरबद्दल माझी हरकत तत्त्वाची नाही, हिशेबाची आहे. पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ दीडपट केले, तर तेवढेच सरकण्यासाठी ऑइलही दीडपट लागते. मास्टर सिलिंडर तोच ठेवला तर पेडल आणखी खोल जाईल, म्हणजे आपली तक्रार वाढेलच. शिवाय चाके तारांची (स्पोकची) असतील, तर त्यांत मोठा कॅलिपर मावतो की नाही, हे आधी मोजून पाहावे लागते. मागच्या डिस्कची तर या हलक्या गाडीला गरजच वाटत नाही. जोरात ब्रेक मारला की भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी मागचा ब्रेक वाजवीपेक्षा जोरदार असेल, तर मागची चाके आधी अडकून गाडी फिरते. भोके पाडलेल्या डिस्कलाही माझा नकार आहे, कारण सततच्या तापण्या-निवण्याने त्या भोकांपासून तडे जातात. मूळ मापाच्या चांगल्या डिस्क आणि अधिक तापमान सहन करणारे पॅड एवढे पुरेसे आहे. मात्र शर्यतीचे पॅड घेऊ नयेत, कारण ते गार असताना धरत नाहीत. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर 50 वरून 20 च्या वेगापर्यंत आठ-दहा वेळा हळुवार ब्रेक लावून त्यांची बैठक जमू द्यावी. सर्वोने पायाचा जोर वाचतो, उष्णता कमी होत नाही.

आणि टायर पाहा. ब्रेक कितीही दणकट असला तरी गाडी थांबवतो तो टायरच. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात: 3218 म्हणजे 2018 सालचा 32 वा आठवडा. अशा गाड्या वर्षातून मोजकेच दिवस चालतात, त्यामुळे नक्षी शाबूत असते, पण रबर कडक झालेले असते.

कागदपत्रांची एक बाब राहिली. 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, मात्र गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी व इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. तशी नोंदणी करण्याचा विचार असेल, तर काढलेला प्रत्येक मूळ भाग डब्यात घालून ठेवावा आणि परत बसवता येणार नाही असे कापाकापीचे काम कुठेही करू नये.

घाटापुरते सांगायचे, तर रावेर-यावलकडून केळी भरून निघणारे ट्रकचालक जे पाळतात तेच आपण पाळावे. ज्या गिअरमध्ये चढायचे, त्याच गिअरमध्ये उतरायचे. ब्रेकवर पाय सतत टेकवून न ठेवता, वेग वाढला की ठामपणे दाबावा आणि पूर्ण सोडावा.

प्रश्न : जुन्या गाडीत सिलिकॉनचे ब्रेक ऑइल टाकले तर ते पाणी शोषत नाही आणि गाडीचा रंगही खराब करत नाही, असे ऐकले. टाकावे का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : ऐकलेले खरे आहे, पण अर्धे. डॉट 5 हे सिलिकॉनचे ऑइल पाणी शोषत नाही, म्हणूनच आत शिरलेले पाणी वेगळे राहून सखल जागी, बहुधा कॅलिपरमध्ये, साचते आणि ते शंभर अंशांच्या आसपास उकळते. त्यात हवेचे बारीक बुडबुडे सहज अडकतात आणि पेडल थोडे स्पंजसारखे लागते. नेहमीच्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही, त्यामुळे सर्व रबरे बदलून आणि पाइप स्वच्छ करूनच ते भरता येते. वर्षभर शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला ते चालेल. घाटात चालवायच्या गाडीत मी डॉट 4 भरतो आणि दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर, बदलतो. दुकानात डॉट 5.1 मागताना डॉट 5 हाती येणार नाही याची काळजी घ्यावी, कारण नावे जवळची असली तरी 5.1 हे सिलिकॉनचे नसून डॉट 4 च्याच जातीचे आहे.