वाचकांचे प्रश्न : परदेशी अर्ज नेमका कुठे अडतो?

प्रश्न : माझा मुलगा 2013 पासून अमेरिकेत एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर काम करतो. त्याच्या ग्रीन कार्डासाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) कंपनीने केलेला अर्ज 2015 मध्येच मंजूर झाला. त्यानंतर दहा वर्षे उलटून गेली, तरी कार्ड हाती आलेले नाही. नात आता 19 वर्षांची आहे. मंजुरीनंतरही कागद कुठे अडतो? आपल्या खासदारांचे पत्र जोडून तेथे विनंती केल्यास उपयोग होईल का?
– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : गुरुजी, पत्रासोबत आपण मंजुरीच्या कागदाची प्रत पाठवलीत आणि तिच्यावरील एका तारखेखाली लाल पेनने दोन रेघा ओढल्यात, हे फार बरे केले. सगळा प्रश्न त्या तारखेतच आहे. तिला तेथे ‘प्रायॉरिटी डेट’ म्हणतात. ती आपल्या मुलाची रांगेतील जागा आहे. मंजुरी मिळाली याचा अर्थ त्याची पात्रता मान्य झाली, एवढाच. कार्डाचा क्रमांक त्यानंतर या रांगेतून मिळतो.

मराठवाड्यात आपण ‘अनुशेष’ हा शब्द प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या 1984 च्या अहवालापासून ऐकत आलो आहोत. परदेशी अर्जांचा अनुशेष मात्र दोन निरनिराळ्या कारणांनी साचतो आणि ती कारणे एकमेकांत मिसळली की माणूस चुकीच्या दारावर वर्षानुवर्षे थाप मारत बसतो. पहिले कारण कार्यालयाचे : माणसे कमी, कागद अपुरे, तपासणी लांबलेली. दुसरे कारण कायद्याचे. अमेरिकेच्या 1990 च्या कायद्याने नोकरीच्या आधारावरील ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला साधारण 1,40,000 ठरवली असून अर्जदाराचे पती किंवा पत्नी आणि मुले यांचीही गणना त्यातच होते. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे 7 टक्क्यांपेक्षा अधिक वाटा मिळत नाही, मग तो देश भारताएवढा असो की आइसलँडएवढा. इतरांच्या वाट्याचे उरलेले क्रमांक कधी कधी आपल्याकडे वळतात, पण मागणीपुढे ते अपुरे पडतात. आपल्या मुलाचा अर्ज या दुसऱ्या कारणाने थांबला आहे. त्याची फाईल कोणाच्या टेबलावर पडून राहिलेली नाही, म्हणून खासदारांच्या पत्राने ती हलणारही नाही. जास्तीचे शुल्क भरून कंपनीच्या अर्जावर 15 कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही करून घेण्याची सोय तेथे आहे. परंतु ती सोय घेणाऱ्यालाही क्रमांकाच्या रांगेत एक पाऊल पुढे जाता येत नाही.

तेथील परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढते. त्यात भारतासाठी छापलेली तारीख मुलाच्या तारखेपुढे गेली की त्याची पाळी आली. मागणी फार वाढली, तर ही तारीख मागेही सरकते, विशेषतः 1 ऑक्टोबरला नवे आर्थिक वर्ष सुरू होण्यापूर्वीच्या महिन्यांत. तेव्हा अर्ज फेटाळला गेला, असे समजून घरात कोणी घाबरून जाऊ नये. मधल्या काळात मंजुरीच्या आधारे एच-वन-बीला सहा वर्षांच्या नेहमीच्या मर्यादेनंतरही तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. नोकरी बदलली, तर नव्या कंपनीला अर्ज नव्याने करावा लागतो, पण जुनी प्रायॉरिटी डेट साधारणपणे कायम राहते.

मला खरी काळजी आपल्या नातीची वाटते. एकविसावे वर्ष पूर्ण झाले की ती या अर्जात ‘मूल’ म्हणून धरली जाणार नाही. 2002 च्या कायद्याने थोडा दिलासा दिला आहे : कंपनीचा अर्ज निर्णयाविना जितके दिवस प्रलंबित होता, तितके दिवस अपत्याच्या वयातून वजा होतात. पण यातील पेच असा की ज्यांचा अर्ज लवकर मंजूर झाला, त्यांच्या मुलांच्या वयातून वजा करायला दिवसच फारसे उरत नाहीत. अर्ज दाखल झाल्याची आणि मंजूर झाल्याची तारीख घेऊन मुलाने हा हिशेब तेथील वकिलाकडून याच महिन्यात करून घ्यावा, आणि नातीला विद्यार्थी व्हिसावर नेण्याची तयारी ती वीस वर्षांची होण्यापूर्वीच सुरू करावी.

आपल्या हातून होण्यासारखेही एक काम आहे. त्या पिढीतील आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आहे. ती का, हे आपल्याला सांगायला नको. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जन्मनोंदवहीत वेगळी तारीख असेल, आईचे नाव नुसते ‘बाई’ असे लिहिले असेल किंवा नोंदच नसेल, तर पाळी आल्यावर त्या कागदासाठी खुलासा मागितला जातो आणि महिने जातात. मुलाचा व सुनेचा जन्माचा उतारा आताच काढून पाहावा. नोंद नसल्यास तसा अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा आणि त्या जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे ती मंडळी आपल्यात आहेत तोवर करून ठेवावीत.

प्रश्न : कॅनडाच्या ‘एक्स्प्रेस एंट्री’ या कुशल कामगारांसाठीच्या कायम वास्तव्य योजनेतील माझ्या अर्जाला अकरा महिने झाले. निकाल सहा महिन्यांत देतात, असे वाचले होते. ही फसवणूक आहे का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : फसवणूक नाही. सहा महिन्यांचे ते उद्दिष्ट 80 टक्के अर्जांसाठी आहे. उरलेल्यांत आपण सापडला आहात. कॅनडात पूर्वी पात्र असलेला कोणीही अर्ज करू शके, प्रवेश मात्र वर्षाला ठरावीकच असत. त्यातून इतके अर्ज साचले की 27 फेब्रुवारी 2008 पूर्वीचे, निर्णय न झालेले कुशल कामगारांचे अर्ज तेथील सरकारने 2012 मध्ये कायदा करून रद्द केले आणि शुल्क परत केले. सुमारे 2,80,000 माणसांची वाट पाहण्याची वर्षे त्यात गेली, आणि अनुशेष संपवण्याची ती रीत मला आजही अन्यायाची वाटते. पुढे 2015 मध्ये एक्स्प्रेस एंट्री आली. तिच्यात आधी नाव नोंदवायचे आणि बोलावणे आल्यावरच अर्ज करायचा, त्यामुळे रांग दाराबाहेरच आवरली जाते.

आपला उशीर बहुधा कार्यालयीन आहे आणि अशा उशिराची चौकशी करता येते. अर्जक्रमांकासह संकेतस्थळावरील चौकशी अर्ज भरावा. त्याने समाधान न झाल्यास कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकाला लेखी संमती देऊन, तेथील माहिती अधिकाराखाली 5 डॉलर शुल्कात आपल्या फाईलवरील नोंदी मागवाव्यात. पोलीस पडताळणी अडली आहे की नोकरीचा दाखला, हे त्यातून कळू शकते. वैद्यकीय तपासणी 12 महिनेच ग्राह्य असते, तेव्हा तिची तारीख आजच पाहा.

प्रश्न : ‘कॅनडाच्या कार्यालयात आतून ओळख आहे, फाईल वर काढून देतो,’ असे सांगून एक जण 1 लाख रुपये मागतो आहे. द्यावेत का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : देऊ नयेत. कॅनडाच्या अर्जात पैसे घेऊन प्रतिनिधित्व करण्याची परवानगी तेथील वकील, वकील संघटनांचे सदस्य असलेले पॅरालीगल (कायदा साहाय्यक), क्वेबेकचे नोटरी आणि अधिकृत सल्लागार मंडळाचे सदस्य यांनाच आहे. या मंडळाची सदस्ययादी सर्वांना पाहता येते. त्या माणसाचा परवाना क्रमांक मागा आणि यादीशी ताडून पाहा. क्रमांक द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर मूळ पासपोर्ट आणि दाखले त्याच्याकडे असल्यास ते त्याच दिवशी परत घ्या.