पेढ्याची केमो आणि आईची मेडिक्लेम

प्रश्न : आम्ही विक्रोळीत कन्नमवार नगरला राहतो. मी ४३ वर्षांचा, हातात पगार ९२ हजार. पत्नीच्या शिकवण्यांचे १५ हजार. मुलगी दहावीत. आई ६७ वर्षांची, तिला मधुमेह. घरात नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, पेढा. महिन्यापूर्वी मुलगी त्याचा गळा खाजवत होती, तेव्हा जबड्याखाली लिंबाएवढ्या गाठी हाताला लागल्या. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. केमो केली तर साधारण वर्षभर, नाही केली तर महिना-दीड महिना, असं डॉक्टर म्हणतात. सहा महिन्यांचा खर्च अडीच लाख. तपासण्यांचे ३८ हजार क्रेडिट कार्डावर गेलेत. तीन लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मिळतंय, ते घ्यावं का? सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटसाठी बिल्डर नुकताच ठरला, १२ लाख कॉर्पस (बिल्डर सभासदाला देतो ती एकरकमी रक्कम) मिळेल, त्यातून फेडेन. हप्ता जड जाऊ नये म्हणून आईची मेडिक्लेम यंदा भरणार नाही (२०१५पासूनची, पाच लाखांची, गेल्या जुलैत ४६ हजार भरले, यंदा २५ जुलैला रिन्यूअल). कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत तिला तीन लाखांचं कव्हर आहेच. आईच म्हणाली, ‘माझं राहू दे, पेढ्याचं बघ.’ बचत खात्यात १ लाख ४० हजार, म्युच्युअल फंडात साडेचार लाख (एसआयपी १० हजार), शिवाय बँकेतून घेतलेली गॅरंटीड योजना : वर्षाला १ लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २२ लाख. चार हप्ते झाले. पेढ्याचा विमा आता काढता येईल का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी संपवतो. नाही. निदान झालेला आजार विम्यात बसत नाही, आणि नऊ वर्षांच्या कुत्र्याला नवी पॉलिसी मिळणंच मुश्कील. दवाखान्यात कुणी पत्रक हातात दिलं असेल तर ते पेढ्याच्या ताटलीखाली घाला.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पेढ्यावर तुम्ही जीव ओतून लिहिलंय आणि आईची मेडिक्लेम कंसात उरकलीय. घोटाळा त्या कंसात आहे.

अकरा वर्षं अखंड चाललेली पॉलिसी म्हणजे नुसती पाच लाखांची रक्कम नव्हे. मधुमेहाचा वेटिंग पीरियड, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, केव्हाच संपलाय. सलग साठ महिने भरले की ‘हा आजार तुम्ही सांगितला नव्हता’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध करावी लागते. आईने तोही टप्पा ओलांडलाय. हप्ता चुकला तर ३० दिवसांची मुदत मिळते, पण मधल्या दिवसांत कव्हर नसतं. तीही गेली की अकरा वर्षं पाण्यात. मग मधुमेहासकट, ६७व्या वर्षी नवा अर्ज. वयाची वरची अट विमा नियामकाने २०२४मध्ये काढली खरी, पण प्रत्येक अर्ज घेतलाच पाहिजे असं बंधन कंपनीवर नाही. घेतलाच, तर मधुमेहासाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबा. आणि आयुष्मान कार्ड सरसकट मिळतं ते सत्तरी पूर्ण झाल्यावर.

कंपनीचं कव्हर? ते तुमच्या नोकरीला बांधलेलं आहे. नोकरी बदलली, किंवा पुढच्या वर्षी एचआरने खर्च कमी करायला आईवडिलांना यादीतून वगळलं, की संपलं. शिवाय मुंबईच्या मोठ्या खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी आणि वर दोन दिवस आयसीयू म्हटलं की तीन लाखांचा तळ दिसायला लागतो.

आणि हे सगळं कशासाठी? तुम्ही ४६ हजार धरून बसलात, यंदाची नोटीस उघडलेली दिसत नाही. गेल्या जुलैच्या आकड्यात १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. म्हणजे मूळ हप्ता ३९ हजार. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला नियामकाला विचारावं लागतं. ३९ वर १० टक्के, म्हणजे ४३. गेल्या वर्षीपेक्षा कमीच भरायचे आहेत.

‘आईच म्हणाली’ हे कारण मला सांगू नका. आया असं म्हणतातच. पापलेटची शेवटची तुकडी उरली की त्यांना नेमकी तेव्हाच भूक नसते.

आता कॉर्पस. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली बिल्डर निवडला की लोक नव्या हॉलमध्ये बसेल अशा सोफ्याचं माप घ्यायला लागतात. अजून म्हाडाचं ऑफर लेटर, एनओसी, डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटची नोंदणी, मग सगळ्यांनी घरं रिकामी करायची, त्यात दोघं अडून बसणार. मिळेल तेव्हा मिळेल. आणि तो पैसा मुळात टॉवरच्या मेंटेनन्ससाठी असतो, जो आजच्या कितीतरी पट येणार आहे. न आलेल्या पैशातून एकदा मेंटेनन्स आणि एकदा कर्ज, असं दोनदा फेडता येत नाही.

लोनचा हिशोब : महिना १० हजार २५०, छत्तीस महिने, एकूण ३ लाख ६९ हजार. व्याजच ६९ हजार. डॉक्टर वर्षभर म्हणतायत, हप्ते तीन वर्षांचे. पेढा गेल्यावर दोन वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला त्याची आठवण खात्यातून वजा होत राहील. नको.

गॅरंटीड योजनेबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नाही, इतकी ती अंगवळणी पडलीय. बँकेतल्या माणसाने ‘दुपटीहून जास्त’ सांगितलं असणार. दहा लाखांचे वीस वर्षांत बावीस म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांच्या जेमतेम वर. तेच दहा हप्ते पीपीएफमध्ये टाकले असते तर आजच्या ७.१ टक्क्यांनी विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाख होतात. गॅरंटी कसली, तर साडेसात लाख कमी मिळण्याची. रागाच्या भरात सरेंडर मात्र करू नका. आज हातात भरलेल्याच्या निम्म्याच्या आसपास येतील. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केली तर किती, आणि पेड-अप केली (हप्ते थांबवून योजना तशीच चालू ठेवली) तर विसाव्या वर्षी किती. बहुधा पेड-अप बरी ठरेल. पाचवा हप्ता काही झालं तरी भरायचा नाही.

इथेच पेढ्याचे पैसे सापडतात. केमो एकरकमी विकत घ्यायची नसते, ती फेरीफेरीने होते. आठवड्याला सरासरी दहा हजार धरा. गाठी उतरतायत की नाही हे पहिल्या काही आठवड्यांतच दिसतं. म्हणून आधी फक्त सहा आठवडे ठरवा, ६० हजार. बचत खात्यातून कार्डाचे ३८ हजार पूर्ण भरा (‘मिनिमम ड्यू’ हा शब्द घरात नको), मेडिक्लेमचे ४३, उरतात ५९. औषध लागू पडलं तर पुढचे १ लाख ९० हजार : एसआयपी पाच महिने थांबवून ५०, थांबवलेल्या लाखाच्या हप्त्याचे महिना आठ हजार धरून ४०, आणि फंडातून एक लाख. खातं रिकामं होतंय हे मला आवडत नाही, पण फंडात साडेतीन लाख मागे राहतात आणि कर्ज शून्य.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. लिम्फोमा बी प्रकारचा की टी? बी सहसा औषधाला जास्त दाद देतो. आणि केमो ठरायच्या आत कुणी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या नाहीत ना? त्या आधी दिल्या तर केमोचा असर घटू शकतो. केमो नाहीच करायची ठरली तर मात्र त्याच गोळ्या स्वस्तात काही आठवडे बरे काढून देतात, आणि ते करणं म्हणजे पेढ्याला वाऱ्यावर सोडणं नव्हे. दुसरं मत घ्यायला परळला जा. बैल-घोडा हॉस्पिटल आहे, तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

माझं मत विचाराल तर पहिले सहा आठवडे करा. पण अडीच लाख ही वरची मर्यादा, आणि ती आज चौघांनी बसून ठरवा. हा आजार बहुतेकदा उलटतो. तेव्हा दवाखाना दुसऱ्या औषधांच्या फेरीबद्दल विचारेल आणि तुम्ही टेबलावर पेढ्याचं डोकं धरून उभे असाल. त्या क्षणी कुणालाही नाही म्हणता येत नाही. म्हणून त्या फेरीला आत्ताच, घरी, नाही म्हणून ठेवा. मुलीलाही त्या बैठकीत बसवा, गाठी तिला सापडल्यात.

आईशी वाद घालू नका. २५ तारखेची वाट न बघता हप्ता भरा आणि पावती फ्रिजवर लावा.