कोकणात एवढा पाऊस पडतो, मग पाणी हा 'मानवी हक्क' कशाला म्हणायचा?

प्रश्न रास्त आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. पण माझं माहेर कातळावरच्या वाडीत. इथला जांभा दगड म्हणजे चाळण. पडलेलं पाणी मुरतं, पऱ्ह्यांतून वाहतं आणि खाडीला मिळतं. एप्रिलात विहिरीचा तळ दिसायला लागतो. मग आई पहाटे चारला झऱ्यावर जायची, वाटीवाटीने हंडा भरायची. खालच्या खाडीकाठच्या वाडीत मे महिन्यातही पाणी असतं, पण मचूळ. त्याची पेजसुद्धा गोड लागत नाही.

पाणी असणं वेगळं आणि त्यावर हक्क असणं वेगळं, हे कोकणाइतकं कुणाला ठाऊक असणार? महाडचं चवदार तळं भरलेलंच होतं. नगरपालिकेने १९२४ साली ते सर्वांना खुलं केल्याचा ठरावही केला होता. तरी ते पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह तिथे जावं लागलं, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागला तो १९३७ साली.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१०ला स्वच्छ पाणी आणि स्वच्छतेची सोय हा मानवी हक्क मानला. भारताने बाजूने मत दिलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९९१मध्येच प्रदूषणमुक्त पाणी हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं म्हटलं होतं.

शौचालयाचा विषय यात जोडून येतो, आणि मला तोच जास्त छळतो. आमच्या वाडीत अनुदानातून घरोघरी शौचालयं झाली. मे महिन्यात टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नाही, तर तिथे ओतणार काय? बायका पुन्हा अंधारात रानात जायला लागल्या. त्यात काही शोषखड्डे विहिरीच्या वरच्या अंगाला खणलेले. जांभ्यातून घाण झिरपली, एका पावसाळ्यात मुलांना जुलाब लागले आणि विहिरीचा नमुना दूषित निघाला. पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली, पण खड्डे तिथेच राहिले. ग्रामसभेत दोन वर्षं बायकांनी लावून धरलं, तेव्हा कुठे दोन खड्डे उताराच्या खाली हलवले. तिसऱ्याची जागा अजून ठरलेली नाही. तोवर आई त्या विहिरीचं पाणी उकळून पिते.