आठ वर्षांचा मुलगा ममी आणि जुन्या थडग्यांबद्दल सतत विचारतो आणि रात्री घाबरतो. ही पुस्तकं बंद करावीत का?

नका करू बंद.

तुम्ही लिहिलंय की मुलगा दिवसभर ममी, पिरॅमिड, मोहेंजोदडो करून भंडावून सोडतो, रात्री मात्र दिवा मालवू देत नाही, आणि सासूबाई म्हणतात ती पुस्तकं माळ्यावर टाका. तो माळा वाचला आणि राहवलं नाही. आमच्या घरातही एक पुस्तक असंच कपाटावर गेलं होतं.

मी नऊ वर्षांची होते. सोलापुरात पूर्व भागात आमच्या दोन खोल्या, खाली शहाबादी फरशी, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे यंत्रमाग. मागांच्या खटखटीत आम्हाला गाढ झोप लागायची. जाग यायची ती लाईट गेल्यावर, कारण माग थांबायचे. शाळेतून मी एक पुस्तक आणलं होतं, महाराष्ट्रातल्या उत्खननांवरचं. त्यात इनामगाव होतं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खोदकाम केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. चित्रात एक घर मधोमध कापून दाखवलं होतं. वर गवताचं छप्पर, चूल, धान्याचं पेव, एक बाई पाट्यावर काहीतरी रगडतेय. आणि तिच्या पायाखाली, जमिनीच्या पोटात, दोन मडकी आडवी ठेवलेली, तोंडाला तोंड लावून. आत लहान मूल.

लहान मूल गेलं की तिथले लोक त्याला असं दोन मडक्यांत घालून घरातच पुरत. मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडत. मेलेल्याने उठून भूत होऊन हिंडू नये म्हणून तसं करत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मी ते चित्र पुन्हा पुन्हा काढून बघायचे. घाबरतो तर बघतो कशाला, असं तुम्ही विचारलंय. अहो, भीती वाटते म्हणूनच तर बघतो. पेवात काय असेल (सातू, ती माणसं सातू पिकवायची), पाट्याचा आवाज खाली मडक्यात जात असेल का, बाळाला आईचं बोलणं ऐकू येत असेल का, हे मला शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटायचं. आणि आमच्या मधल्या खोलीत, दाराजवळची एक फरशी पोकळ वाजायची.

मग संक्रांत आली. गावात गड्ड्याची यात्रा, घरात तिळगुळाची गडबड. आई बाजारातून सुगडं घेऊन आली. फुटू नयेत म्हणून कुंभारणीने दोन-दोन सुगडं तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधून दिली होती. आईने ती जोडी माझ्या हातात दिली आणि मी किंचाळून हात मागे घेतला. एक सुगड फुटलं. आई रागवायच्या आत मी विचारलं, "आई, आपलं बाळ कुठल्या फरशीखाली आहे?"

माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. अकरा दिवसांचा होऊन गेला. हे मला आजीच्या बोलण्यातून अर्धंमुर्धं कळलेलं. घरात कोणी तो विषय काढत नसे.

आई काही बोलली नाही. खापऱ्या गोळा करून आत गेली. अण्णांनी पुस्तक उचललं, कपाटावर ठेवलं आणि म्हणाले, "असलं काही वाचायचं नाही. पोरीच्या डोक्यात भलतंसलतं भरायलंय." चार दिवसांनी त्यांनीच ते शाळेत नेऊन दिलं.

पुढचं तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. चित्रात मडकी दोनच होती. पुस्तक गेल्यावर आमच्या घरात प्रत्येक फरशीखाली मडकी झाली. मी फरशीच्या मधोमध पाय ठेवायचं सोडून दिलं, सांध्यांवरून चालायला लागले. रात्री लाईट गेली, माग थांबले, की मी पाय पोटाशी घेऊन पडून राहायचे. कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की आई आत जाते हे मला कळलं होतं.

उन्हाळ्यात मामा आला. मामा गवंडी. एक दिवस मला बघत बसला आणि म्हणाला, "काय गं, अशी तिरकी तिरकी काय चालायलीस?" मी सगळं सांगितलं. तो हसला नाही, 'तसं काही नसतं' म्हणाला नाही. उठला, पिशवीतून पहार काढली आणि ती पोकळ वाजणारी फरशी एका बाजूने उचलून भिंतीला टेकवली.

खाली मुरूम होता. मुंग्यांची एक रांग. आणि हिरव्या काकणाचा नखाएवढा तुकडा.

"अजून खाली?" मी म्हटलं. त्याने वीतभर उकरलं. "अजून?" त्याने थापी माझ्या हातात दिली. मी उकरत बसले. आई दारात उभी होती, ती येऊन माझ्याशेजारी खाली बसली आणि पहिल्यांदा बोलली. बाळाला गावाबाहेर ओढ्याकाठी पुरलं, अण्णा आणि आजोबा गेले होते, बाळंतीण म्हणून तिला नेलं नाही. "मला जागा पण माहीत नाही," म्हणाली. मग बराच वेळाने, "त्या तुझ्या पुस्तकातल्या बाईला ठाऊक तरी होतं."

माझी भीती त्या दिवशी सगळी गेली असं नाही. पण मी फरशीवरून सरळ चालायला लागले. आणि तो काकणाचा तुकडा कोणाचा, आमच्याआधी त्या घरात कोण राहायचं, याच्या मागे लागले ते पार शेजारच्या म्हाताऱ्या आजींपर्यंत.

माझा थोरला भाऊ आजही म्हणतो की अण्णांचं बरोबर होतं, लहान पोरांना असलं दाखवूच नये. दर दिवाळीला हा वाद होतो. मग गोरोबाकाकांचं काय? आमच्या आजीने ती गोष्ट आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून सांगितली. तेरचे गोरोबाकाका विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवताहेत आणि त्यांचं रांगतं लेकरू पायाखाली येतं. यापेक्षा भयंकर काय असतं? त्यावर कोणी बंदी घातली नाही. गोष्ट ऐकताना आम्ही आजीच्या मांडीवर असायचो, आणि बाळ परत रांगत आल्याशिवाय ती थांबायची नाही. इनामगावच्या चित्राशी मात्र मला एकटीला सोडलं. अण्णांनी पुस्तक काढून घेतलं ते माझ्या भीतीपायी नव्हे. त्यांना स्वतःला ओढ्याकाठची ती संध्याकाळ नको होती. त्यांचंही मी समजू शकते, पण बरोबर म्हणणार नाही.

आता तुमच्या मुलाचं. ममीची भीती वाटते तर ममी कशी करायचे ते पूर्ण सांगा, अर्ध्यावर सोडू नका. नेट्रॉन नावाचा खार अंगावर घालायचे, तो सगळं पाणी ओढून घ्यायचा. सगळ्या विधींना मिळून सत्तर दिवस लागायचे. मेंदू नाकातून काढून टाकायचे, काळीज मात्र आत राहू द्यायचे, कारण माणसाची अक्कल काळजात असते असं ते मानत. तुमच्याकडे सांडगी मिरच्या करत असतील तर त्या वाळताना त्याला दाखवा, मीठ काय करतं ते हाताला कळेल. ऐकून तो आणखी चार प्रश्न विचारेल. विचारू दे.

बंद करायचेच असतील तर ते 'ममीचा शाप'वाले व्हिडिओ करा. इजिप्तचा राजा तुतनखामून याची कबर १९२२ मध्ये सापडली आणि त्या खोदकामाचा खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन १९२३ च्या एप्रिलमध्ये गेले, एवढंच ते ओरडून सांगतात. डास चावलेल्या जागी दाढी करताना कापलं आणि ते चिघळलं, हे सांगत नाहीत. ज्यांनी प्रत्यक्ष कबर उघडली ते हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगले, हेही नाही. मोहेंजोदडोच्या गल्ल्यांतले सांगाडे दाखवून कत्तलीची गोष्ट सांगतात तेही तसंच. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी ती मांडली होती, पण ते सांगाडे एका वेळचे नाहीत हे दाखवून दुसरे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्येच ती खोडून काढली. पोराला पुरावा आणि आरडाओरडा यांतला फरक आठव्या वर्षी कळतो. मला नवव्या वर्षी एका पहारीने कळला.

तुम्हीही सोलापूरच्याच, तर एखाद्या रविवारी त्याला तेरला न्या. धाराशिवच्या पुढे आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. दोन हजार वर्षांपूर्वी तेरला तगर म्हणायचे आणि तिथला माल पार रोमपर्यंत जायचा. तिथल्या लामतुरे संग्रहालयात मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या आहेत, मुलाला सहज समजणाऱ्या. येताना गोरोबाकाकांच्या समाधीवर जा आणि ती गोष्ट शेवटपर्यंत सांगा.

एक सांगायचं राहिलं. महिना-महिना झोपच नाही, अंथरूण ओलं होतंय, शाळेत जायला नको म्हणतोय, असं असेल तर माझं ऐकत बसू नका, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि सगळी मुलं सारखी नसतात. माझ्या धाकट्या मुलीला सांगाड्याचं चित्र अजिबात चालत नाही, तिला मी दाखवत नाही. ती मागत नाही. तुमचा मागतोय.

सासूबाईंशी भांडू नका. एकदा मुलगा शाळेत गेला असताना त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, त्यांना त्या पुस्तकात नेमकं काय नको वाटतं.