पेट स्कॅनवरून आयुष्याचा अंदाज काढणारे काय शिकलेले असतात?

‘मामाला मेंदूचा कॅन्सर झाला, तेव्हा पेट स्कॅन पाहून डॉक्टरांनी पुढचा अंदाज सांगितला. मला असं काम करायचंय. फिजिक्स आणि गणित आवडतं, पण रक्त पाहिलं की गरगरतं. मेडिकलला जाऊ का?’ असं तू विचारलं आहेस.

मेडिकलला न जाताही या कामात येता येतं, हे आधी सांगते.

एमआरआय गाठीची रचना दाखवतो. तिथल्या पेशी काय करताहेत, ते पेट दाखवतो. त्यासाठी शिरेतून अगदी थोडं किरणोत्सारी द्रव्य, म्हणजे ट्रेसर देतात. नेहमीचा ट्रेसर ग्लुकोजसारखा असतो, पण निरोगी मेंदूही भरपूर ग्लुकोज वापरतो, त्यामुळे गाठ उठून दिसत नाही. म्हणून ग्लायोमासाठी, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठींसाठी, एफईटी, मेथिओनिन असे अमिनो आम्लाचे ट्रेसर अधिक उपयोगी पडतात. मेथिओनिनमधल्या किरणोत्सारी कार्बन-११चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा वेळ, जेमतेम २० मिनिटं! असे किरणोत्सारी अणू तयार करणारं यंत्र, म्हणजे सायक्लोट्रॉन, जवळ नसेल तर तो वापरताच येत नाही. एफईटीतल्या फ्लोरिन-१८चं सुमारे ११० मिनिटं असतं, म्हणून तो दुसरीकडून मागवता येतो. ही सगळी घाई ट्रेसर तयार करणारे रेडिओकेमिस्ट सांभाळतात. केमिस्ट्री किंवा फार्मसीची मुलं तिकडे जातात.

अंदाज निघतो तो मोजमापातून. गाठीचा सक्रिय भाग केवढा आहे, निरोगी भागाच्या किती पट ट्रेसर तिने शोषला, उपचारानंतर हे आकडे उतरले का? रेडिएशननंतर एमआरआयवर कधी कधी गाठ वाढल्यासारखी दिसते, पण तो उपचाराचाच परिणाम असतो. अशा वेळी औषध बदलायचं की नाही हे ठरवायला पेटची मदत होते. मला या कामाचं मोल इथे सर्वांत जास्त वाटतं.

ही मोजमापं बिनचूक ठेवणं हे मेडिकल फिजिसिस्टचं काम, आणि तुझ्या पत्रावरून मला तुझी वाट तीच दिसते. फिजिक्समध्ये पदवी, मग मेडिकल फिजिक्समध्ये पदव्युत्तर शिक्षण आणि हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण. रिपोर्ट देणं आणि घरच्यांशी बोलणं हे न्यूक्लिअर मेडिसिनच्या आणि कॅन्सरच्या डॉक्टरांकडे असतं. तेच तुला खुणावत असेल, तर मात्र मेडिकलच. रक्ताची भीती बहुतेकांची सरावाने जाते.

मामांबद्दल एक सांगायचंय. ग्लायोब्लास्टोमा या ग्लायोमाच्या अतिशय आक्रमक प्रकारावरच्या २००५ सालच्या गाजलेल्या चाचणीत रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध घेतलेल्यांचं मध्यक आयुर्मान १४.६ महिने होतं. म्हणजे निम्मे त्याहून जास्त जगले, आणि चारातला एक दोन वर्षांनंतरही हयात होता. असे आकडे गटाबद्दल बोलतात. समोरच्या एका माणसाची तारीख त्यांतून निघत नाही.

म्हणून कोडिंगच्या आधी संभाव्यता आणि संख्याशास्त्र पक्कं कर. एका हॉस्पिटलच्या स्कॅनवर तयार केलेलं, अंदाज काढणारं कॉम्प्युटर मॉडेल दुसऱ्या मशीनवर फसू शकतं, आणि ते ओळखायला हाच पाया लागतो. सुट्टीत एखाद्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात परवानगी काढून दिवसभर थांबता आलं तर बघ. फिजिसिस्ट सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी मशीन कसं तपासतात ते नीट पाहा, आणि मग मला पुन्हा लिही.